सोडायचं ते फळ

मूल झाल्यावर आईने आपली आवड बाजूला ठेवली की आपल्याकडे तिचं कौतुक होतं. मी ज्यूरिखजवळ राहते. मुलं होण्याआधी हिवाळा लागला की आम्ही दोघं नवरा-बायको स्की घेऊन डोंगरात जायचो. थोरलीच्या वेळी ते थांबलं आणि धाकट्याच्या जन्मानंतर स्की तळघरातच राहिल्या. साताऱ्याहून फोनवर मावशी म्हणायची, "मुलांसाठी सगळं सोडलंस हो, गुणाची बाई!" तिच्या बोलण्यात मायाच होती. दोन हिवाळ्यांपूर्वी, मुलं जरा मोठी झाल्यावर, आम्ही पुन्हा जायचं ठरवलं, तेव्हा मावशीचा सूर बदलला. "अगं, लेकरं एवढीएवढीशी, आत्ता कुठे काढलंस ते बर्फात घसरणं? होऊ देत की मोठी."

तिची काळजी मला कळते. पण या दोन वाक्यांमध्ये एक धर्मप्रश्न दडलेला आहे आणि तो फक्त माझा नाही. आवडीची गोष्ट टाकून देणं एवढ्यानेच त्याग होतो का? आणि ती पुन्हा हाती घेतली तर तो मोडतो का?

गीतेच्या अठराव्या अध्यायाची सुरुवातच अर्जुनाच्या अशा प्रश्नाने होते. संन्यास आणि त्याग यांचं तत्त्व मला वेगवेगळं सांग, असं तो विचारतो. उत्तरात श्रीकृष्ण त्यागाचे तीन प्रकार सांगतात. नेमून दिलेलं कर्म मोहापोटी टाकणं हा तामस त्याग. हे त्रासाचं आहे, शरीराला कष्ट पडतील, अशा भीतीने टाकणं हा राजस त्याग. तो करणाऱ्याला त्यागाचं फळ मिळत नाही. आणि करायचं ते करत राहून त्यातली आसक्ती आणि फळ तेवढं सोडणं, हा सात्त्विक त्याग. माझे वडील रोज सकाळी अंघोळीनंतर गीता वाचत. लहानपणी हे तीन प्रकार मी नुसते ऐकले होते. ते नीट कळायला लागले ते स्वित्झर्लंडमधल्या एका उतारावर, मुलाच्या पायात बूट चढवताना.

ज्यूरिखहून रेल्वेने उंटरटेर्त्सेनला उतरलं की स्टेशनला लागूनच गोंडोला आहे. ती थेट फ्लुम्झरबेर्गवर नेते. खाली वालेनझे तळं, पलीकडे खुरफिर्स्टेनचे सुळके ओळीने उभे. तिथवरचा प्रवास सुखाचा. पुढचं काम गुडघे टेकून करायचं असतं. लहान मुलाच्या स्की-बुटात एकच लांब मोजा हवा. थर्मलची कड चुकून आत राहिली तर तासाभरात नडगीवर वळ उठतो. बुटाची जीभ पुढे ओढायची, टाच मागे नीट बसल्याची खात्री करायची, मग एकेक बकल लावायचं. तळव्याला चिकटलेला बर्फ खरवडून काढायचा, नाहीतर बूट स्कीवरच्या पकडीत, म्हणजे बाइंडिंगमध्ये, बसत नाही. टाच दाबली आणि टक् असा आवाज आला की एक पाय झाला. दुसरा होईपर्यंत मुलाला सू लागलेली असते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आपले हातमोजे एव्हाना आतून ओले झालेले असतात.

लहान मुलांचे आईबाप डोंगराकडे फिरकत नाहीत ते याच दगदगीमुळे. सामान, थंडी, रडारड, खर्च. तेव्हा गीतेतलं ते कष्टांचं भय इथे अगदी नेमकं लागू पडतं. दगदग नको म्हणून घरी थांबण्यात काही गैर नाही. दमलेल्या माणसाने विश्रांती घ्यावीच. पण त्या विश्रांतीला त्यागाचा मान देऊ नये, एवढंच मला म्हणायचं आहे. कारण तो मान दिला की पुढे मुलांच्या डोक्यावर त्याचं ओझं बसतं. तुमच्यासाठी आम्ही काय काय सोडलं, हे वाक्य आपल्या कितीतरी घरांत म्हटलं जातं आणि मुलं ते आयुष्यभर वागवतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गीता बोलते ती कर्तव्याबद्दल. बर्फावरून घसरत जाणं हे कुणाचं कर्तव्य? बरोबर आहे. स्कीइंग हे नियत कर्म नाही. मुलं वाढवणं मात्र आहे, आणि ती ज्या मातीत वाढतात तिच्याशी त्यांची ओळख करून देणं हा त्याचा भाग आहे. इथल्या शाळांना फेब्रुवारीत जी सुट्टी असते तिला श्पोर्टफेरिएन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळशाची टंचाई होती, शाळा तापवायला इंधन पुरेना, म्हणून थंडीत सुट्ट्या देण्यात आल्या. मुलं डोंगरात गेली, टंचाई संपली, सुट्टी तेवढी राहिली. ज्या मुलांचा हिवाळा असा घडलेला आहे त्यांच्यात माझी मुलं वाढत आहेत. सह्याद्रीत वाढणाऱ्या मुलाला आपण पावसात गड दाखवतो, तसंच हे.

आता फळाकडे येते. लहान मुलांबरोबर स्कीला परतणाऱ्यापुढे दोन फळं लोंबत असतात. पहिलं आपल्या स्वतःच्या आनंदाचं. डोळ्यांसमोर माशगेनकामवरून, २,०२० मीटर उंचीवरून, खाली येणारा लांब उतार असतो. एके काळी तो आपण न थांबता उतरलेलो असतो. आणि आज आपण मुलांच्या उतारावर, सरकत्या पट्ट्याच्या शेजारी, वाकून उभे. मूल पट्ट्यावरून वर जातं, दोन्ही स्कींची टोकं जवळ आणि शेपट्या लांब अशी पाचर करून हळूहळू खाली येतं. इथे या पाचरीला सगळी मुलं पिझ्झा म्हणतात. एवढ्याशा उतारावर सकाळ सरते. आम्ही दोघं आळीपाळीने एखादी फेरी वरून मारून येतो आणि ती मला मनापासून आवडते. पण त्या फेरीसाठी दिवस राखून ठेवला की मुलाबरोबरचा प्रत्येक क्षण खोळंबा वाटू लागतो. फेरी मिळाली तर आनंदाने घ्यावी, नाही मिळाली तर दिवस उणा मानू नये. हे लिहायला सोपं आहे. करायला रोज नव्याने शिकावं लागतं.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. फळाची आशा सोडणाऱ्याचं काम उलट अधिक चांगलं झालं पाहिजे, असं विनोबा त्यात समजावतात, कारण फळाच्या चिंतेत जाणारी शक्तीही त्याच्या कामात उतरते. वरच्या उतारावरून मन खाली आणलं तेव्हा मला मुलाचे पाय दिसू लागले. तो डावीकडे सहज वळत होता आणि उजवीकडे अडखळत होता, हे मन वर गुंतलेलं असताना दिसलं नसतं.

दुसरं फळ सोडणं फार कठीण. ते म्हणजे मुलाला हे आवडलंच पाहिजे, ही इच्छा. त्या उतारावर जर्मन, इंग्रजी, हिंदी, इटालियन, सगळ्या भाषांत एकच बोलणं कानावर येतं: एवढे पैसे भरले, एवढं लांब आणलं, आणि तुला बर्फाचे गोळे करत बसायचंय? आमची थोरली पहिल्या दिवसापासून वेगाच्या प्रेमात आहे. धाकट्याला स्की काढून बर्फात खड्डा खणायला आवडतं. त्याच्या खणण्यातही आनंदच आहे आणि तो पूर्ण आहे. माझी आवड त्याची व्हावी, ही अपेक्षा दिसते प्रेमळ, पण तिच्यात मालकी असते. मूल आपल्यामार्फत जगात आलं तरी ते आपल्या हौसेसाठी आलेलं नसतं. त्याला डोंगरापर्यंत नेणं माझ्या हातात आहे. त्याला डोंगर आवडणं माझ्या हातात नाही.

स्कीच्या शास्त्रात भीतीबद्दल एक गोष्ट आहे, ती मला कोणत्याही प्रवचनाइतकी मोलाची वाटते. उतार पाहून घाबरलेलं माणूस आपोआप मागे, डोंगराकडे रेलतं. शरीराला वाटतं, इथे सुरक्षित आहे. पण वजन मागे गेलं की स्कीचा पुढचा भाग हलका होतो, त्याची बर्फावरची पकड सुटते आणि वळता येत नाही. ताबा हवा असेल तर अंग पुढे, दरीच्या बाजूला द्यावं लागतं, नडगी बुटाच्या जिभेवर टेकवावी लागते. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे झुकल्याशिवाय थांबताही येत नाही. मुलाला दोन पायांमध्ये धरून खाली आणलं तर हेच बिघडतं: ते आपल्यावर रेलायला शिकतं, स्वतःचा तोल त्याला सापडत नाही. म्हणून चांगले शिक्षक हात काढून घ्यायला सांगतात. पडलेल्या मुलाला दोन्ही स्की अंगाच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या कशा करायच्या ते शिकवायचं आणि आपण जवळ उभं राहायचं. तेवढा वेळ आईच्या हातांना काही काम नसतं. अनासक्ती म्हणजे काय, याचा इतका रोकडा अनुभव मला दुसरीकडे कुठे आला नाही.

पण जपणूक सोडायची असा याचा अर्थ नाही. हेल्मेट, सोपे निळे उतार, ढग उतरले की परतणं, आणि पाय थकले की 'शेवटची एक फेरी' न करता थांबणं, हे सगळं पाळावंच लागतं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे वागणुकीचे दहा नियम आहेत. त्यांतला एक सांगतो की मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी आपली वाट निवडावी. पुढच्याला मागचं दिसत नाही. ज्याला दिसतं त्याच्यावर जबाबदारी. आम्ही उतरतो तेव्हा बाबा पुढे वळणं घेत जातात, मुलं त्यांच्या मागावरून आणि मी सगळ्यांच्या मागे. कुटुंबाचा धर्म याहून फार वेगळा नसावा.

स्वतःशी खरं बोलावं लागतं, तेही इथे. खूप वर्षांनी परतणाऱ्याने बाइंडिंग पुन्हा बसवून घ्यायची असते, कारण पडल्यावर बूट केव्हा सुटायचा ते तिच्यावर ठरतं. दुकानातला कारागीर वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी विचारतो आणि मग विचारतो: तुम्ही जपून उतरणारे, मध्यम की वेगवान? उत्तर आजचं द्यायचं असतं. जुन्या दिवसांच्या अभिमानाने बाइंडिंग घट्ट बसवली तर पडताना बूट सुटत नाही आणि गुडघा जातो. ती तरुण मुलगी मी आता नाही, हे त्या काउंटरपाशी शांतपणे म्हणता येणं ही साधना आहे. शरीर बदलतं, भूमिका बदलते, उतरणारी मात्र उरते.

एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हा आनंद महाग आहे आणि त्याची किंमत फक्त पैशांत नाही. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपला सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. इथल्या निम्म्याहून अधिक उतारांवर आता यंत्राने बर्फ पाडण्याची सोय करावी लागली आहे. जे मुलांना दाखवायला आपण नेतो ते त्यांच्या मुलांना दिसेल याची खात्री नाही. म्हणून आम्ही रेल्वेनेच जातो, वाढत्या पायांसाठी स्की आणि बूट हंगामाच्या भाड्याने घेतो, जवळचाच डोंगर निवडतो. यात मोठं पुण्य नाही. पण फळाची हाव सोडायची म्हटलं की उपभोगाचं प्रमाणही आपोआप उतरतं, आणि तसं ते उतरलंच पाहिजे.

मावशीला मी हेच सांगते. तिने स्वतः लग्नानंतर गाणं सोडलं. चार मुलं वाढवली, आणि पेटी अजून माळ्यावर आहे. तिला कुणी म्हणालं नाही की पोरांना मांडीवर घे आणि दोन ओळी म्हण, पूर्ण राग झाला नाही तरी चालेल. तुमच्याही घरात असं काही असेल: पेटी, सायकल, पोहणं, गड. मुलं लहान आहेत म्हणून ते थांबलं असेल तर ती मोठी होण्याची वाट पाहू नका. त्यांना सोबत घ्या, जमेल तेवढं करा, आणि त्या दिवसाकडून काही मागू नका.