थीइझम आणि डीइझम

‘थीइझम’ आणि ‘डीइझम’ या इंग्रजी शब्दांतील ‘इझम’ हा मत किंवा वाद सुचवणारा प्रत्यय मूळचा ग्रीक आहे. परंतु पहिल्यात ग्रीक ‘थिऑस’ आणि दुसऱ्यात लॅटिन ‘देउस’ हा शब्द असून, दोहोंचा अर्थ देव असला तरी त्यांचे धातू भिन्न आहेत, आणि आकाशाच्या तेजाशी जोडलेल्या संस्कृत ‘देव’ शब्दाचे सख्खे नाते ‘देउस’शीच आहे. सृष्टी रचून तीत पुन्हा हस्तक्षेप न करणारा ईश्वर डीइझमचा, तर प्रार्थना ऐकणारा थीइझमचा, हा भेद व्युत्पत्तीने दिलेला नाही. तो सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय धर्मचर्चेने घडवला. ‘एथीइझम’मधील आद्याक्षर संस्कृत नकारार्थी ‘अ’चे सगोत्र आहे, त्या संपूर्ण शब्दाचा रूढ प्रतिशब्द ‘नास्तिकता’ मात्र सैलच म्हटला पाहिजे, कारण मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदनिंदक.