हाताची किंमत



आमच्या शेजारच्या मावशींनी परवा विचारले, "मास्तर, माझ्या हाताची किंमत काय?" तीन वर्षांपूर्वी त्या पडल्या. दवाखान्यात एक्स-रे काढला, पण मनगटाचे हाड मोडल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले नाही. मुरगळले आहे म्हणून घरी पाठविले. हात कायमचा वाकडा झाला. वकील म्हणाले, "तुम्ही निवृत्त आहात, पगार बुडाला नाही. रक्कम मोठी येणार नाही. शिवाय तज्ज्ञ डॉक्टरांचा लेखी अभिप्राय पैसे देऊन घ्यावा लागेल."

मावशी चिडल्या. "रोश हशानाला चाळीस वर्षे याच हाताने चिकाचा हलवा घोटला. त्याचा पगार कुणी दिला नाही, म्हणून हात फुकटचा का?"

आपल्या मिश्नेत, बावा कामाच्या ८ व्या अध्यायात, इजा करणाऱ्याने पाच गोष्टी भरून द्याव्यात असे सांगितले आहे: शरीराचे नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेले काम आणि लाज. नुकसान मोजताना जखमी माणूस गुलामांच्या बाजारात आधी कितीला गेला असता व आता कितीला, हे पाहावे. या मापाने म्हातारीचा हात स्वस्तच ठरणार. पण वेदना व लाज वेगळी मोजली आहे, हे विसरू नये. बाजार जे पाहत नाही, ते पाहण्यासाठीच ती वेगळी ठेवली असावीत.

आजचे इस्रायली न्यायालयही वेदना, उपचार आणि घरच्यांनी केलेली मदत हिशेबात घेते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितले की जखमी बालकाची भावी कमाई ठरविताना तो मुलगा की मुलगी, कोणत्या समाजातला, हे न पाहता सामान्यतः देशाचे सरासरी वेतन धरावे. म्हणजे पगाराची चिठ्ठी हेच माणसाचे मोल नव्हे, हे कायद्यालाही थोडेफार पटले आहे.

अर्थात हात वाकडा झाला म्हणजे डॉक्टर दोषी, असे नाही. जाणत्या डॉक्टराला ते हाड दिसले असते आणि वेळीच प्लास्टर घातले असते तर हात वाचला असता, हे दोन्ही सिद्ध व्हावे लागते. म्हणून मी मावशींना म्हटले, दवाखान्यातील कागदांची प्रत मागा. १९९६ च्या कायद्याने तो रुग्णाचा हक्क आहे. सून रोज किती वेळ मदत करते ते लिहून ठेवा. साधारणपणे ७ वर्षांची मुदत असते, ती हातची जाऊ देऊ नका.

मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तो डॉक्टर एकदा येऊन चुकलो म्हणाला असता, तर मी दावा केलाच नसता."

त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे की पैसे दिले तरी, क्षमा मागेपर्यंत अपराध्याला क्षमा नाही. मला वाटते, याची दुसरी बाजूही खरी आहे: क्षमा मागितली म्हणून देणे फिटत नाही. ही दोन वेगळी खाती आहेत. रकमेने हाताचे मोल होत नाही, पण ती मागणे हा लोभही नव्हे.

म्हणून मी म्हटले, "मावशी, तो आला तर त्याला चहा द्या. आणि दावाही करा."