बंद दिव्याची वीज

मोबाइलवरून लावता-विझवता येणारा नऊ वॅटचा स्मार्ट दिवा विझवला तरी पुरता बंद होत नाही. पुढचा आदेश ऐकण्यासाठी त्यातला वायफायचा भाग जागाच असतो. त्याला अर्धा वॅट लागतो असे धरले आणि दिवा दिवसातून तासभरच लावला, तर उजेडावर नऊ वॅट-तास खर्च होतात आणि उरलेल्या २३ तासांच्या नुसत्या वाट पाहण्यावर साडेअकरा.

राउटर, सेट-टॉप बॉक्स, कॅमेरा यांचीही गत हीच. सतत लागणारा एक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिटांच्या घरात जातो. बिलात तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. एक कोटी घरांत प्रत्येकी पाच वॅट धरले, तर मात्र ५० मेगावॅटची अखंड मागणी उभी राहते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१४ च्या अहवालानुसार, नेटवर्कला जोडलेल्या उपकरणांनी २०१३ मध्ये सुमारे ६१६ अब्ज युनिट वीज वापरली आणि त्यातली जवळपास ४०० अब्ज युनिट सदोष तंत्रामुळे वाया गेली. या नासाडीचा दोष ग्राहकाच्या आळसावर ढकलणे सोपे आहे, पण अन्यायाचे. यंत्र किती जागे राहील हे कारखान्यातच ठरलेले असते.

झोप हा यावरचा खरा उपाय. उपकरणातल्या रेडिओला सतत ऐकत राहणेही महाग पडते. म्हणून दूरवर छोटे निरोप पाठवणाऱ्या लोरावॅन या बिनतारी पद्धतीतले सर्वांत काटकसरी उपकरण निरोप पाठवल्यावर क्षणभरच कान उघडे ठेवते आणि पुन्हा झोपते. शेतातला ओलावा मिनिटामिनिटाला बदलत नाही. तासाला एकदा जागा होणारा सेन्सर एका बॅटरीवर कित्येक वर्षे काढू शकतो. जर्मनीतल्या एनओशन कंपनीच्या काही बटणांना तर बॅटरीच लागत नाही, बोटाच्या दाबातूनच संदेशापुरती वीज तयार होते.

झोपेची किंमत म्हणजे उशीर. गॅसगळतीच्या इशाऱ्याला तो परवडणारा नाही. खिडकीचा स्मार्ट पडदा दोन सेकंद उशिरा सरकला तर मात्र काही बिघडत नाही, जाहिराती काहीही म्हणोत. जागे राहण्यावर नियमांचाही लगाम आहे. युरोपीय संघाने २०१३ पासून साध्या स्टँडबायची मर्यादा बहुतेक उपकरणांसाठी अर्ध्या वॅटवर आणली, पण नेटवर्कवर जागणाऱ्यांना वेगळी, सैल मर्यादा दिली. तीही पुढे टप्प्याटप्प्याने आवळली गेली.

वापरातल्या विजेखेरीज उपकरण घडवताना खर्च झालेली ऊर्जाही हिशेबात धरावी लागते; उपकरण अकाली निकामी झाले की ती वाया जाते. गूगलच्या नेस्टने विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह कंपनीची सेवा मे २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हा घरातली स्मार्ट उपकरणे चालवणारे तिचे धडधाकट हब घराघरांत एकाच वेळी निकामी झाले. २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकाने उपकरणांना घरातल्या घरातच एकमेकांशी बोलण्याची सोय दिली आहे. त्यामुळे कंपनीचा सर्व्हर बंद पडला तरी दिवा लावण्या-विझवण्यासारखी कामे चालू राहू शकतात.