हया हा सद्गुण, धास्ती हा आजार



आपल्या घरांत एक वाक्य मोठ्या कौतुकाने उच्चारले जाते : "आमचा मुलगा फार लाजाळू आहे, चार माणसांत मान वर करीत नाही." मुलीच्या बाबतीत तर हेच वाक्य तिच्या चारित्र्याचे प्रशस्तिपत्र ठरते. ऐकणारे 'माशाअल्लाह' म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. पण त्या मुलाच्या मनात तो संपत नाही. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही. वर्गात हजेरी घेताना आपला क्रमांक जवळ येऊ लागला की त्याची छाती धडधडू लागते, तळहात घामाने ओले होतात. एसटीत वाहकाकडे राहिलेले सुट्टे पैसे मागण्याचे त्याला धाडस होत नाही. जुम्म्याला तो खुतबा सुरू झाल्यावर मशिदीत शिरतो, दाराजवळ उभा राहतो आणि सलाम फिरताच चपला हातात घेऊन बाहेर पडतो, कारण कोणी हात पुढे करून "काय, सध्या काय करतोस?" असे विचारील, या एकाच प्रश्नाची त्याला आठवडाभर धास्ती असते. हळूहळू तो जुम्म्यालाही येईनासा होतो. मग लोक म्हणतात, पोरगा दीनपासून दूर चालला.

वाचकहो, आपण आधी ज्याला सद्गुण म्हटले आणि नंतर ज्याला गुन्हा ठरवले, ते या दोहोंपैकी काहीच नसू शकते. तो एक आजार असू शकतो.

इस्लाममध्ये हयेचे स्थान किती उच्च आहे, हे आपण जाणतोच. हया ही ईमानची शाखा आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. ह. उस्मान (रजि.) यांच्या हयेचा तर प्रेषितांनी (स.) विशेष आदर केला. परंतु हयेचे काम कोणते, हे नीट समजून घ्यावे लागेल. हया माणसाला गुनाहपासून रोखते. जी गोष्ट माणसाला नेकीपासून, ज्ञानापासून, स्वतःच्या हक्कापासून आणि कधी कधी नमाजेच्या जमातीपासूनही रोखते, तिला हया म्हणता येणार नाही. हाच तो निकष आहे आणि प्रत्येक आई-वडिलांनी तो मनाशी धरून ठेवावा.

आपली मराठी भाषा या बाबतीत फार सूक्ष्म आहे. लाज, संकोच, भीड, बुजरेपणा, धास्ती हे शब्द एकमेकांशेजारी बसतात, पण त्यांचे अर्थ एक नाहीत. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील म्हणत आले. भिडेपोटी माणूस आपले हक्काचेही गमावतो, हा त्यामागचा अनुभव आहे. आणि चार लोकांत निर्भयपणे बोलणाऱ्यासाठी 'सभाधीट' असा सुंदर शब्द आपल्याकडे आहे. म्हणजे सभेला धीर लागतो, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग येतो. प्रेषितांनी (स.) आपल्या सोबत्यांना एक कोडे घातले : असे कोणते झाड आहे, ज्याची उपमा मुस्लिमाला द्यावी? लोक रानातल्या झाडांची नावे आठवू लागले. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तेव्हा वयाने लहान होते. ते खजुराचे झाड आहे, हे त्यांना ठाऊक होते. पण मोठ्या मंडळींत बोलण्याचा संकोच वाटून ते गप्प राहिले. पुढे त्यांनी वडिलांना, ह. उमर (रजि.) यांना, ही गोष्ट सांगितली. ह. उमर (रजि.) रागावले नाहीत. "तू गप्प राहिलास, छान केलेस" असेही म्हणाले नाहीत. तू ते उत्तर दिले असतेस तर मला मोठ्या संपत्तीहून अधिक आनंद झाला असता, अशा आशयाचे ते बोलले. पित्याने कसे बोलावे, याचा हा वस्तुपाठ आहे : मुलाचा अपमान नाही आणि त्याच्या मौनाचे खोटे कौतुकही नाही. त्याचप्रमाणे अन्सारी स्त्रियांची प्रशंसा करताना ह. आयशा (रजि.) यांनी हेच सांगितले, की धर्माचे ज्ञान मिळवताना लज्जा त्यांच्या आड आली नाही.

आता साधा संकोच आणि आजार यांतील अंतर पाहू. नव्या ठिकाणी थोडे अवघडल्यासारखे होणे हा माणसाचा स्वभाव आहे. काही वेळ गेला की ते ओसरते. परंतु लोक आपल्याकडे पाहत आहेत, आपल्याला जोखत आहेत, आपण हसे करून घेणार आहोत, ही भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी असेल, सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली असेल, छातीची धडधड, थरथर, घाम, चेहरा लाल होणे, शब्द घशात अडकणे अशी शरीराची लक्षणे तिच्यासोबत येत असतील आणि तिच्यापायी शिक्षण, रोजगार, नातीगोती, इबादत यांत अडथळा येत असेल, तर डॉक्टर तिला 'सोशल अँग्झायटी' किंवा सामाजिक चिंताविकार म्हणतात. बहुधा किशोरवयात तो डोके वर काढतो. टाळाटाळ हे त्याचे खाद्य आहे. एक लग्न टाळले की त्या दिवसापुरती सुटका वाटते, पण पुढचे लग्न दुप्पट अवघड होते. काही तरुण धीर यावा म्हणून तंबाखूचा, तर काही नऊजुबिल्लाह दारूचा आधार घेतात आणि एका आजाराचे दोन होतात.

आमच्या खटाव तालुक्यातून आणि शेजारच्या माण, खानापूर, आटपाडी भागांतून कित्येक मुले पोटासाठी मुंबईला किंवा गलाईच्या धंद्यात थेट परराज्यांत जातात. परक्या गावी, परक्या भाषेत गिऱ्हाइकाशी बोलावे लागते. अशा वेळी एखादा मुलगा महिनाभरात परत आला, तर "याला कामाचा कंटाळा" असे म्हणून आपण मोकळे होतो. त्याला कंटाळा होता की धास्ती, हे विचारण्याची तसदी आपण घेत नाही.

येथे सर्वांत जखमी करणारे वाक्य येते : "तुझा ईमान कमजोर आहे. अल्लाहवर भरवसा असता तर माणसांना घाबरला नसतास." वाचकहो, हे वाक्य उच्चारण्यापूर्वी दिव्य कुरआनात ह. मूसा (अ.) यांचा वृत्तान्त वाचावा. फिरऔनच्या दरबारी जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्यांनी आपल्या रबपुढे मन मोकळे केले. छाती दाटून येते, जीभ मोकळी चालत नाही, ते आपल्याला खोटे ठरवतील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. छाती खुली व्हावी, जिभेची गाठ सुटावी, अशी दुआ मागितली आणि त्याच दुआत आपला भाऊ हारून (अ.) मदतीला मिळावा, अशीही याचना केली. अल्लाह तआलाने त्यांची मागणी मान्य केली. भाऊ सोबत दिला आणि मी तुमच्याबरोबर आहे, असा दिलासाही दिला. याचा अर्थ ह. मूसा (अ.) आजारी होते, असा कोणीही काढू नये. आपण शिकायचे ते एवढेच, की अल्लाहच्या इतक्या निकटच्या प्रेषितालाही लोकांसमोर बोलण्याचे दडपण जाणवले, त्यांनी ते लपवले नाही आणि मदत मागण्यात कमीपणा मानला नाही. दुआ आणि मदतनीस या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी मागितल्या. मग आमच्या मुलाने एक डॉक्टर मागितला, तर त्याचा ईमान कमजोर कसा?

उपचाराविषयीची प्रेषितांची (स.) शिकवण स्पष्ट आहे : अल्लाहने आजार दिला तसा त्याचा इलाजही दिला आहे आणि माणसाने इलाज करावा. अबू दाऊद यांच्या संग्रहात ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आजारपणाचा प्रसंग आहे. प्रेषित (स.) त्यांना भेटायला गेले, त्यांच्या छातीवर मायेने हात ठेवला आणि मग सांगितले की, हारिस बिन कलदाकडे जा, तो वैद्यकी करणारा माणूस आहे. ज्यांच्या हाताहून अधिक बरकतीचा हात या पृथ्वीवर नव्हता, त्यांनीच रोग्याला जाणकाराकडे पाठवले. दुआ आणि दवा यांत भांडण लावणाऱ्यांनी या प्रसंगावर विचार करावा. कुरआन पढून दम करण्याला आपले स्थान आहे. पण त्याच्या नावाखाली हजारो रुपये उकळून "पोरावर जिन्नाची सावली आहे" असे सांगणारा माणूस त्या पोराची धास्ती कमी करीत नाही, तीत भर घालतो.

मनाच्या आजारावर उपचार ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी टूम आहे, असेही कोणी म्हणतात. इ. स. ९३४ मध्ये निधन पावलेले बल्खचे विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर मिळून एकच ग्रंथ लिहिला. घरात जशी वेळेला लागणारी औषधे आधीच जपून ठेवतात, तसे मन शांत असताना चांगल्या विचारांचा साठा करून ठेवावा म्हणजे भीतीच्या वेळी तो कामी येतो, असा त्यांचा सल्ला होता. आजचे मानसोपचारतज्ज्ञ विचारांवर जे काम करून घेतात, ते याच वाटेवरचे आहे.

हा उपचार नेमका कसा होतो? त्याचे दोन मार्ग आहेत. कधी एक, कधी दोन्ही वापरतात. पहिला समुपदेशनाचा. "सगळे मलाच पाहत आहेत" हा विचार खरा किती, हे तपासायला शिकवतात आणि ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ पायरी-पायरीने नेतात. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पुसेगावच्या यात्रेत खिलार जनावरांची पारख करणारा माणूस जाणतो, की बुजलेल्या खोंडाला चाबकाने वठणीवर आणता येत नाही. ज्याला ते बुजते, ती वस्तू त्याला लांबून दाखवतात, हुंगू देतात, पाठीवर हात ठेवून सोबत चालतात. माणसाच्या मुलाला मात्र आपण पाहुण्यांसमोर ढकलतो आणि "बोल की, तोंड नाही का तुला?" असे सुनावतो.

तज्ज्ञाच्या सल्ल्याने हीच पायरी मशिदीत लावता येईल. आधी माणसे मोजकी असतात त्या फजरला शेवटच्या सफेत उभे राहावे. काही दिवसांनी असरला यावे. मग जुम्म्याला खुतब्यापूर्वी येऊन बसावे. मग एका माणसाशी मुसाफा करावा. पुढे एखाद्या दिवशी इकामत म्हणावी. आजारी माणसाला जमातीबाबत शरीअतने सवलत ठेवली आहे, तिचे मार्गदर्शन आलिमांकडून घ्यावे. पण सवलत ही चढणीवरची विसाव्याची जागा आहे, मुक्काम नव्हे.

दुसरा मार्ग औषधांचा. ही औषधे मनोविकारतज्ज्ञानेच द्यावयाची असतात. त्यांचा गुण दोन दिवसांत येत नाही, काही आठवडे लागतात. म्हणून "फरक नाही" म्हणत आठवड्यात ती सोडू नयेत आणि बरे वाटले म्हणून एकाएकी बंदही करू नयेत. या आजारात नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधांचे व्यसन लागत नाही. झोपेच्या व गुंगीच्या गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनाने काही घेऊ नये. रमजानमध्ये गोळ्या सहरीला घ्याव्यात की इफ्तारनंतर, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. बहुतेक वेळा सोय होते.

जावे कोठे, हा वडूजसारख्या तालुक्याच्या गावचा खरा प्रश्न आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारणा करावी. साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय आहे. सांगलीकडच्या वाचकांना मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जो मुलगा दवाखान्याच्या रांगेलाच घाबरतो, त्याच्यासाठी 'टेलिमानस' ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती दिवसरात्र चालू असते व मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. "मुलीचे स्थळ मोडेल" या भीतीने जे पालक तिचा उपचार रोखून धरतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे आणि हेही, की न उपचारलेला आजार सासरी तिच्याबरोबरच जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला आणि उपचारापासून दूर राहणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के होते. आपली जमात या आकड्यांच्या बाहेर नाही.

शेवटी आपल्या सर्वांच्या जबाबदारीविषयी. अम्मी-अब्बांनी मुलाला लोकांसमोर टोचू नये आणि त्याच्या वतीने आयुष्यभर बोलूही नये. मदरशाच्या उस्तादांनी अडखळणाऱ्या मुलाचा सबक आधी एकट्याने ऐकावा. मशिदीत कित्येक दिवसांनी आलेल्या तरुणाला "आज वाट चुकलास काय?" असे विचारून हसू नये, सलाम करावा, शेजारी जागा द्यावी, पुरे. आणि हे वाचणाऱ्या माझ्या अबोल भावा, बहिणी, तुझी धास्ती हा तुझा गुनाह नाही. पण इलाज उपलब्ध असताना तो न करणे, ही स्वतःच्या जिवाबाबत हेळसांड आहे आणि हा जीव अल्लाहची अमानत आहे. घरातल्या एका माणसाला सांग. तेवढे एक वाक्य बोललास, की पहिली पायरी चढलास. ह. मूसा (अ.) यांना हारून (अ.) मिळाले, ते मागितल्यावर.

हे अल्लाह, ज्यांची छाती भीतीने दाटली आहे त्यांना ती मोकळी करून दे, त्यांच्या उपचारात गुण दे आणि आम्हाला त्यांच्या वाटेतला काटा न बनवता त्यांचा आधार बनव. आमीन.