ऑइलचा नट आणि सहावा अध्याय

आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या १६ आणि १७ या दोन श्लोकांवर. भावार्थ साधा आहे. जो अति खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही साधत नाही. झोपेचंही तसंच. ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं सगळं बेताचं आहे, त्याचा योग त्याचं दुःख दूर करतो.

"बेताचं" हा शब्द आपल्याला जरा नावडता आहे. भक्ती कशी, झोकून देऊन करायची! बेतानं भक्ती करायची म्हणजे कंजुषीच झाली, असं वाटतं. चातुर्मास जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो: "नेम कडक नको का? देवासाठी एवढंही करू नये का?"

आमच्या सत्संगातल्या एका मित्राची गोष्ट सांगतो. त्याला विचारूनच लिहितोय. आषाढी एकादशीला त्याने संकल्प सोडला: चार महिने एकभुक्त, पहाटे ३.३० ला उठायचं, रोज १६ माळा. नोकरी आयटीतली, परदेशातल्या टीमबरोबरचा कॉल संपायलाच रात्रीचे साडेअकरा. पहिले पंधरा दिवस गडी जोरात होता. मग एक पहाट चुकली. प्रायश्चित्त म्हणून त्याने चार माळा वाढवल्या. पुन्हा चुकली, तर मीठ सोडलं. श्रावण संपायच्या आत तो ऑफिसात चक्कर येऊन पडला. त्या दिवशी माळ देवघरात ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. ग्रुपही सोडला. फोनवर मला म्हणाला, "माझी लायकीच नाही रे. आता नाम घ्यायचीसुद्धा लाज वाटते."

दिवाळीच्या सुमारास त्याच्या वडिलांच्या जुन्या स्प्लेंडरखाली ऑइलचे डाग पडायला लागले. कुठल्याशा गॅरेजात ऑइल बदललं होतं, तेव्हापासूनच गळत होतं. मी सोबत म्हणून त्याच्याबरोबर ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे गेलो.

काकांनी इंजिनच्या तळाचा ऑइलचा नट काढला. त्याच्या आट्यांत चकचकीत तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते इंजिनचे आटे होते. नट पोलादाचा, इंजिनचं खोकं ॲल्युमिनियमचं. लांब पाना लावून जोर केला की पोलादाला काही होत नाही, मऊ धातूचे आटे मात्र मुळासकट उपटून येतात. मग नट नुसता गोल फिरत राहतो.

काका म्हणाले, "गळत होतं म्हणून आवळलं, आणि आवळलं म्हणून गेलं. अरे, ऑइल काय नट अडवतो का? ऑइल अडवतो वॉशर."

मलाही हे नवीन होतं. नटाखालचा वॉशर मऊ धातूचा असतो. नट आवळताना तो किंचित चेपतो, आणि बारीकसारीक फट भरून काढतो. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा तसा बसत नाही, म्हणून ऑइल बदलताना दर वेळी नवा घालायचा. नट किती आवळायचा याचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, आणि तो आपल्या अंदाजापेक्षा बराच कमी असतो. इथे जुनाच वॉशर ठेवून कोणीतरी जोर वाढवत नेला होता.

मित्रांनो, आपल्या साधनेत हेच होतं. मन गळतं. जपात ऑफिस आठवतं, पहाटे डोळा लागतो. मन गळणारच, अर्जुनाचंही गळत होतं. पण आपण गळती दिसली की लगेच पाना घेतो: आणखी एक उपास, आणखी चार माळा, झोपेतला आणखी एक तास वजा. नवा वॉशर मात्र घालत नाही. हा वॉशर म्हणजे काय? माझ्या मते, रोज नव्याने घ्यायचा मऊपणा. "देवा, आज एवढंच जमलं, सांभाळून घे," असं म्हणून थोडं चेपायची तयारी. फट भरते ती त्याने.

सतराव्या अध्यायात (श्लोक ५ आणि ६) भगवंत याहून कडक बोलतात. दंभाने आणि अहंकाराने घोर तप करून जे शरीराला पिळतात, ते आत राहणाऱ्या मलाच पिळतात, असा त्याचा आशय आहे. माझ्या मित्राकडे दंभ नव्हता, पण स्वतःवरचा राग होता. रागाने मारलेला पानाही तितकेच आटे काढतो.

"युक्त" आणि "योग" हे दोन्ही शब्द "युज्" या एकाच धातूतून आले आहेत. युज् म्हणजे जोडणं. जोड टिकेल एवढा जोर, तो युक्त. त्यापुढचा जोर जोडच तोडतो.

मग आटे गेले त्याचं काय? मित्राने काकांना विचारलं, "टेप गुंडाळून किंवा एम-सील लावून नाही का भागणार?" काका म्हणाले, "पुढच्या ऑइलला परत येशील. आणि रस्त्यात नट पडला तर इंजिन जाईल."

त्यांनी जुनं भोक अगदी सरळ धरून थोडं मोठं केलं. मग टॅपने नवे आटे पाडायला घेतले: अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. मागे घेतलं की कापलेला कीस तुटतो. सरळ रेटलं तर टॅप आतच अडकून तुटतो. कीस चिकटून बाहेर यावा म्हणून टॅपला ग्रीस लावलं होतं. नंतर पोलादी तारेची गुंडाळी, हेलिकॉइल, आत फिरवून बसवली, तिचं टोक मोडून बाहेर काढलं, आणि थोडं ऑइल वरून ओतून खालून वाहू दिलं. आता भोक पुन्हा मूळ मापाचं झालं, १२ मिलिमीटरच्या त्याच नटासाठी. फरक एवढाच की ॲल्युमिनियमच्या जागी आटे पोलादाचे. "आधीपेक्षा पक्कं झालं," काका म्हणाले.

मित्र बराच वेळ त्या भोकाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे खोकं फेकावं नाही लागलं."

अर्जुनाने सहाव्या अध्यायाच्या शेवटाकडे हाच प्रश्न विचारला आहे. श्रद्धा होती पण यत्न अपुरा पडला आणि मन योगापासून ढळलं, अशा माणसाचं काय? तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा फुटलेल्या ढगासारखा विरून जातो का? भगवंतांचं उत्तर ४०व्या श्लोकात आहे. भलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. आणि हे सांगताना ते अर्जुनाला "तात" म्हणतात, लेकराला जवळ घ्यावं तसं. पुढे म्हणतात की असा साधक पुन्हा येतो, आणि आधी केलेला अभ्यास त्याला ओढून पुढे नेतो. केलेलं वाया जात नाही.

मित्र आता रोज एक माळ करतो, आंघोळीनंतर, नाश्त्याच्या आधी. एखादा दिवस चुकतो. चुकलेल्या दिवसाची माळ तो दुसऱ्या दिवशी दुप्पट करत नाही. २६व्या श्लोकात सांगितलंय ना, मन जिथे जिथे पळेल तिथून परत आणायचं. परत आणणं हा साधनेचाच भाग आहे. पाव वेढा मागे घेतल्याशिवाय पुढचा अर्धा कापला जात नाही.

आजची साधना: तुमचा एखादा सुटलेला नेम आठवा. तो आहे त्याच्या चौथ्या हिश्शाइतका करून उद्यापासून पुन्हा धरा. नट बसवताना मेकॅनिक आधी बोटांनी उलटा फिरवतात. आटे एकमेकांत बसल्याचं बोटांना जाणवलं की मग सुलटा घेतात. पहिले काही वेढे बोटांनीच, पाना अगदी शेवटी. बोटांनी फिरत नसेल तर काढून पुन्हा लावायचा, रेटायचा नाही. नेमाचंही तसंच करा. पहिले एकवीस दिवस पाना हातात घेऊ नका.

आणि ज्यांनी लाजेने माळ ठेवून दिली आहे त्यांनी ती आज नुसती हातात घ्या. मोजू नका.

राम कृष्ण हरी!