न केलेल्या कर्माचे फळ

हजारो माणसे एकाच वेळी एकाच कल्पित जगात वावरतात अशा ऑनलाइन खेळांत सोन्याच्या मोहरा असतात, बाजार भरतो, लिलाव होतात आणि महागाईही होते. राक्षस मारला की मोहरा मिळतात, तलवार दुरुस्त करायला त्या खर्च होतात. या मोहरा खेळाबाहेर खऱ्या पैशांना विकायला बहुतेक कंपन्यांची मनाई आहे, तरी हा धंदा पंचवीसेक वर्षे बिनबोभाट चालू आहे. खेळाडू त्याला गोल्ड सेलिंग म्हणतात. मोबाइलवरच्या खेळांत मोहरांच्या जागी युसी किंवा डायमंड येतात. अर्थशास्त्रज्ञांनी या धंद्याचा बराच अभ्यास केला आहे. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र भारतीय दर्शनांनी फार पूर्वी विचारून ठेवला आहे. कर्म एकाने करावे आणि फळ दुसऱ्याने घ्यावे, हे शक्य आहे का? आणि तसे झाले तर नेमके काय बिघडते?

कर्मसिद्धान्ताची चर्चा करताना नैयायिक, मीमांसक आणि वेदान्ती दोन दोष पुन्हापुन्हा पुढे करतात. कृतहान म्हणजे केलेले कर्म फळ न देताच नाहीसे होणे. अकृताभ्यागम म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ पदरात पडणे. आत्मा क्षणिक आहे असे कोणी म्हटले, की त्याला उत्तर तयार असते: मग करणारा एक आणि भोगणारा दुसरा होईल, हे दोन्ही दोष येतील, म्हणून तुमचे मत टाकाऊ. म्हणजे या दोन गोष्टी इतक्या अन्यायाच्या मानल्या गेल्या, की त्यांच्यापर्यंत पोचणारा कोणताही सिद्धान्त तेवढ्यानेच बाद होई. ऑनलाइन खेळात मात्र अकृताभ्यागम उघडउघड विकत मिळतो. एखाद्याने तीन महिने रोज रात्री जागून मिळवलेले चिलखत दुसऱ्याच्या अंगावर दुपारच्या जेवणाआधी चढते.

तरीही ‘विकत घेतले म्हणजे अधर्म’ असा झटपट निकाल देता येत नाही, कारण परंपरेनेच एका ठिकाणी अशा व्यवहाराला वाट करून दिली आहे. यज्ञ ऋत्विज करतात आणि स्वर्ग यजमानाला मिळतो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत या गोष्टीचा तपशीलवार विचार आहे. ऋत्विजांना दक्षिणा देऊन नेमलेले असते, त्यांचा मोबदला तिथेच संपतो. फळ ज्याने यज्ञ योजला त्याचे. यजमानाला मात्र काही गोष्टी स्वतःच कराव्या लागतात. दीक्षा, उपवास, मुंडन या गोष्टी पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येत नाहीत. आजही घरोघर गुरुजींकडून जप आणि अनुष्ठाने करवून घेतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तर मग खेळातली मोहर रोखीने घेणाऱ्यानेच काय घोडे मारले?

फरक असा की एकाच्या यज्ञाने शेजाऱ्याचा स्वर्ग स्वस्त होत नाही. पुण्याला क्रयशक्ती नसते. ते वाढले म्हणून त्याचा भाव उतरत नाही. मोहरेचा उतरतो.

तो कसा उतरतो हे समजायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध फार उपयोगी पडतो. १८९३ पर्यंत हिंदुस्थानातली टाकसाळ चांदीला खुली होती. कोणीही चांदी घेऊन जावे आणि तिचे रुपये पाडून आणावेत. जगात चांदी उदंड झाली आणि रुपया घसरत गेला. १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी टाकसाळ बंद केली, पण स्वतःच्या हाती नाणी पाडण्याची मुभा ठेवली. आंबेडकरांचा आक्षेप नेमका यावर होता. रुपयाचे सोन्याशी प्रमाण टिकले म्हणजे झाले असे नाही. सामान्य माणसाच्या हातातल्या रुपयाने बाजारात काय येते ते टिकले पाहिजे, आणि त्यासाठी टाकसाळ सरकारलाही बंद हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

ऑनलाइन खेळ ही अशीच खुली टाकसाळ आहे. फक्त तिथे चांदीऐवजी मेलेला राक्षस न्यायचा असतो. राक्षस पुन्हा उगवतो, तेव्हा कच्चा माल कधी संपत नाही. खेळ रचणारे हे जाणून असतात आणि मोहरा परत शोषून घेणाऱ्या वाटा ठेवतात. हत्यारांची दुरुस्ती, प्रवासाचे भाडे, लिलावगृहाची दलाली या त्या वाटा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ही दलाली विक्रीच्या ५ टक्के असते. माणूस किती वेळ खेळेल याचा अंदाज धरून हा हिशेब बसवलेला असतो. माणूस झोपतो, कामावर जातो, कंटाळतो. विक्रीसाठी मोहरा काढणारा कंटाळत नाही, कारण त्याची ती पाळी असते. आणि त्याच्या जागी बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्रॅम, बसवला की झोपेचाही प्रश्न मिटतो. मोहर विकल्याने नुसती ती एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते, नवी तयार होत नाही, असा बचाव विक्रेते करतात. तो हिशेबाला धरून आहे, पण अर्धा. विकायची नसती तर ती मोहर पाडलीच गेली नसती.

याचा भुर्दंड कोणाला बसतो ते नवख्या खेळाडूकडे पाहिले की कळते. तो जंगलातून वनस्पती गोळा करून लिलावात विकतो आणि त्या पैशातून घोडा घ्यायचे मनात धरतो. बॉटही त्याच वनस्पती रात्रंदिवस गोळा करत असतात, म्हणून त्याच्या मालाचा भाव पडतो. दुसऱ्या टोकाला दुर्मीळ वस्तूंवर विकतच्या मोहरांची बोली लागते, म्हणून त्या महागतात. त्याची मिळकत खाली जाते आणि त्याला हवी असलेली वस्तू वर जाते. त्याने काहीच चुकीचे केलेले नाही, तो या व्यवहारात कुठेच नाही, तरी त्याचे केलेले वाया जाते. अकृताभ्यागम एका खात्यावर झाला की कृतहान हजार खात्यांवर थोडी थोडी वाटली जाते. शास्त्रकारांनी हे दोन दोष जोडीने मांडले ते तर्काच्या सोयीसाठी; खेळाच्या अर्थव्यवस्थेत ते एकमेकांचे कारण आणि कार्य होऊन बसतात.

या काळ्या बाजाराने अर्थशास्त्राचे मात्र एक काम केले, हेही नोंदवायला हवे. १९९९ साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातल्या नॉराथ नावाच्या जगाचे दरडोई उत्पन्न अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मध्ये काढले. ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान कुठेतरी बसत होते. हा हिशेब करता आला तो लिलावाच्या संकेतस्थळांवर मोहरांना डॉलरमध्ये भाव मिळत होता म्हणूनच. पुढे ईबेने २००७ मध्ये असे लिलाव बंद केले. धंदा दुसरीकडे गेला.

मोहरा काढणाऱ्या हातांचा प्रश्न वेगळा आहे. चीनमधल्या नानजिंगसारख्या शहरांत तरुण मुले बारा-बारा तासांच्या पाळीत, तासाला काही सेंटांच्या मजुरीवर राक्षस मारत, याची वर्णने २००७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत आली. त्यानंतर व्हेनेझुएलात चलन कोसळल्यावर अनेकांनी ‘रूनस्केप’मधल्या मोहरा विकून पोट भरले, कारण तिथली खेळातली मोहर देशाच्या बोलिव्हारपेक्षा भरवशाची ठरली. अशा माणसाला फसवणारा म्हणायला जीभ रेटत नाही. बुद्धाने उपासकाला वर्ज्य सांगितलेले पाच व्यापार शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष यांचे आहेत. कल्पित सोने त्यात बसत नाही. पण २०११ मध्ये ‘गार्डियन’ने छापलेली हकिगत याच धंद्याची दुसरी बाजू दाखवते. हेलाँगजियांग प्रांतातल्या जिशी इथल्या श्रमछावणीत कैद्यांना दिवसभराच्या कष्टानंतर रात्री मोहरा काढायला बसवत आणि ठरलेला आकडा पुरा न झाल्यास मारत, असे तिथल्या एका माजी कैद्याने सांगितले. हा सरळ माणसांचाच व्यापार आहे. विकत घेणाऱ्याला आपली मोहर व्हेनेझुएलातून आली की छावणीतून, हे कधीच कळत नाही. आणि दक्षिणेपेक्षा हा व्यवहार वेगळा पडतो तो इथेही, कारण यजमानाला ऋत्विजाचे तोंड दिसत असे.

महाराष्ट्रात हा बाजार मुख्यतः मोबाइलवर आहे. विक्रेता टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर स्वस्त युसी देऊ करतो, खेळाडूचा आयडी मागतो, यूपीआयने पैसे घेतो आणि काही मिनिटांत युसी जमा होतात. ते कधी चोरीच्या कार्डावर घेतलेले असतात. कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, बँक रक्कम मागे ओढते, कंपनी युसी काढून घेते. ते खर्च झाले असतील तर खात्यावर उणे शिल्लक दिसते किंवा खातेच बंद होते. तोवर विक्रेत्याचा नंबर लागेनासा झालेला असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या १६ वर्षांच्या एका मुलाने पब्जी या मोबाइल खेळाचा आयडी आणि युसी मिळवण्यासाठी आईच्या खात्यातून १० लाख रुपये खर्च केले, बोलणी बसल्यावर चिठ्ठी ठेवून घर सोडले आणि पोलिसांना तो अंधेरीच्या महाकाली लेण्यांजवळ सापडला. इथे वाया गेलेले कर्म खेळातले नव्हते, आईच्या खात्यात साठलेले होते.

कंपन्यांनी हा धंदा रोखायचे जे प्रयत्न केले त्यांत ‘रूनस्केप’चा प्रयोग तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. २००७-०८ च्या हिवाळ्यात त्या खेळाच्या चालकांनी दोन खेळाडूंमधली फार असमान देवाणघेवाणच बंद केली. एकाने मौल्यवान वस्तू द्यावी आणि दुसऱ्याने काहीच देऊ नये, हे अशक्य केले. मोहरा-विक्रेते अडले, आणि त्यांच्याबरोबर दानही अडले. थोरल्या भावाला धाकट्याला तलवार देता येईना. कारण विक्रीचा पैसा खेळाबाहेर हातबदल होतो. खेळाच्या आत विक्री आणि दान अगदी सारखे दिसतात. दोघांत फरक आहे तो चेतनेचा, मनातल्या हेतूचा, आणि बुद्धाने कर्माची व्याख्या करताना चेतनेवरच बोट ठेवले होते. संगणकाला ती दिसत नाही. खेळाडू तीन वर्षे कुरकुरत राहिले. शेवटी मतदान घेऊन फेब्रुवारी २०११ मध्ये मुक्त व्यापार परत आणावा लागला.

दुसरा मार्ग परवान्याचा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने एप्रिल २०१५ मध्ये टोकन काढले. खेळाडूने ते कंपनीकडून रोखीने घ्यायचे आणि दुसऱ्या खेळाडूला मोहरांवर विकायचे. शास्त्राची आज्ञा आहे म्हणून दक्षिणा निर्दोष, तशी कंपनीची परवानगी आहे म्हणून ही खरेदी निर्दोष. मीमांसकाला हा युक्तिवाद परका वाटणार नाही. चोरीची कार्डे आणि छावण्या यांना अशाने आळा बसतो, एवढे खरे. पण परवान्याने सगळेच दोष धुतले जात नाहीत, हे ‘डायब्लो ३’ने दाखवले. त्या खेळात खऱ्या पैशांचे लिलावगृह कंपनीने स्वतःच उघडले होते. राक्षसाच्या पोटातून काय निघते ही उत्सुकताच खेळाचा प्राण. ती वस्तू लिलावात आयती मिळू लागल्यावर राक्षस मारायचे कारण उरले नाही. १८ मार्च २०१४ रोजी कंपनीने ते लिलावगृह बंद केले.

आणि इथे प्रश्न अर्थशास्त्राच्या हातून सुटतो. १९२८ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या धंतोलीतल्या रामकृष्ण मठाने विवेकानंदांचे साहित्य मराठीत पिढ्यान्‌पिढ्या पोचवले, त्यात कर्मयोगावरची व्याख्याने आहेत. कर्म करावे आणि फळाची आस सोडावी, हा त्यांचा गाभा. मोहरा विकत घेणारा कर्म सोडतो आणि फळ धरतो. कर्मयोग याहून जास्त उलटा करता येणार नाही. शिवाय हे कर्म म्हणजे खेळ आहे. बादरायणाने ब्रह्मसूत्रांत जगाच्या निर्मितीचे कारण शोधताना लीला हेच उत्तर दिले, कारण काहीही मिळवायचे नसताना केली जाणारी दुसरी कृती त्याला आढळली नाही. त्या लीलेत फळाची घाई करणारा माणूस खेळ न खेळण्यासाठी पैसे मोजत असतो.

कोणी म्हणेल, तो त्याचा तोटा, इतरांना काय त्याचे? धंतोलीपासून फार दूर नसलेल्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेणाऱ्या आंबेडकरांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथात ते कर्माचा नियम एकेका माणसाच्या नशिबाशी जोडत नाहीत, समाजाच्या नैतिक व्यवस्थेशी जोडतात. वाईट कर्माचे फळ करणाऱ्यालाच मिळेल असे नव्हे. ते सगळ्यांच्या व्यवस्थेवर पडते. कल्पित मोहरेच्या बाबतीत हे शब्दशः घडते. घेणारा मजेत असतो, विकणारा पैसे घेऊन निघून जातो आणि भाव चढतात ते सर्वांसाठी. अकृताभ्यागम हा घेणाऱ्याचा दोष म्हणून किरकोळ आहे. इतरांची कृतहान म्हणून तो गंभीर आहे, आणि निवाडा याच क्रमाने व्हायला हवा.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे; ई-स्पोर्ट्सना त्याने मान्यता दिली. मोहरा आणि युसी यांचे काय, हे अजून मुख्यतः कंपन्यांच्या अटींवरच ठरते. त्या अटींप्रमाणे मोहर विकणाऱ्याच्या मालकीची नसते आणि घेणाऱ्याच्याही होत नाही. ती कंपनीची असते आणि खेळाडूला फक्त वापरायचा परवाना मिळालेला असतो.