तीन डेसिबलची हाव

मी जर्मनीत पोस्टडॉक करतो आणि बास गिटार वाजवतो. माझा अ‍ॅम्प्लिफायर ३०० वॉटचा आहे. मन मात्र अडकलंय ६०० वॉटच्या नव्या हेडमध्ये आणि मोठ्या स्पीकर कॅबिनेटमध्ये. आई फोनवर विचारते, "आहे तो बिघडलाय का?" नाही. मग ही गरज की हाव?

हिशोब सोपा आहे. स्पीकर तोच ठेवून वॉट दुप्पट केले, तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल, म्हणजे कानाला जाणवेल-न जाणवेल इतका. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यात बासच्या जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा. त्याची लहर आठ मीटरहून लांब, साध्या भिंतीला तो जुमानत नाही. इथे रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, म्हणून घरी मी हेडफोन लावूनच वाजवतो.

मोठं कॅबिनेट लागतं ते ड्रमरच्या शेजारी. माझ्याकडे ड्रमरच नाही. दोन वर्षांनी करार संपतो, शहर बदलतं, बँड सुटतो. हवी आहेत माणसं, आणि मी किमती बघत बसतो वस्तूंच्या.

इच्छा खोटी नाही, तिचा पत्ता चुकलाय. म्हणून यादीतून कॅबिनेट खोडलं नाही. त्याच्या वर फक्त एक ओळ लिहिली: ड्रमर शोधणे.